आम्रपालीबाईंची फियाट आणि तिचे नवे गुडघे

मोटारींचे वय लावले तर मी तुमची पणजी शोभेन, मित्रांनो. मी एक फियाट आहे. रंग दुधी, दिवे गोल, आणि गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या बाजूने निघालेला. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी पुण्याला, नारायण पेठेतल्या एका वकिलांकडे आले. ते मला आठवडाभर कोर्टात आणि रविवारी मंडईत नेत. इतके जपून चालवत, की मागच्या सीटवरची लिंबे जागची हलत नसत. जग फार गुळगुळीत आहे असे मला तेव्हा वाटायचे.

वकीलसाहेब निवृत्त झाले आणि मला आम्रपाली ओव्हाळ यांनी विकत घेतले. त्या विश्रांतवाडीला राहत. त्यांचे वडील खडकीच्या कारखान्यात कामगार होते. त्यांच्या घराण्यात दाराशी मोटार उभी राहण्याची ती पहिलीच वेळ. बाईंनी मला हार घातला, घरच्यांनी मिळून बुद्धवंदना म्हटली, आणि थोड्याच दिवसांत माझ्या टपावर पाटी चढली: 'आम्रपाली मोटार ट्रेनिंग. फक्त महिलांसाठी.' बाईंच्या पायाशी जादा क्लच आणि जादा ब्रेक बसवला गेला. वकिलांची गाडी आता शिक्षिका झाली.

ती नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पुण्यात नव्या कंपन्या येत होत्या, ऑफिसांत बायका मोठ्या खुर्च्यांवर बसू लागल्या होत्या. पण त्यांनी गाडी शिकायचे म्हटले की घरातले लोक अजून हसत.

कुसुम लिमये या बाईंच्या पहिल्या विद्यार्थिनी. पेठेतल्याच एका शाळेत शिकवायच्या. पहिल्या दिवशी सीटवर बसताच त्यांनी सांगून टाकले, "आमच्या ह्यांच्या मते बायकांना दिशा कळत नाहीत. मला कळतात. ते सिद्ध करायला आले आहे, तेव्हा लवकर शिकवा."

पुण्याजवळच्या मांजरी गावाहून मुक्ताई यायच्या. उसाची शेती त्या एकट्या बघत आणि दारातली जीप त्यांना स्वतः चालवायची होती. मी तिसऱ्यांदा बंद पडले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, ही गाडी हाय का अडेल म्हैस?"

"तुम्ही क्लच दाबला नाहीत, मुक्ताई. म्हैससुद्धा अडली असती," बाई शांतपणे म्हणाल्या.

अशा किती जणी माझ्यावर शिकल्या! कोणी हसत शिकल्या, कोणी रडत. फूटपाथ, खड्डे, गतिरोधक, सगळ्यांवर त्यांनी मला चढवले. प्रत्येक धक्का माझ्या पुढच्या चाकांनी झेलला. पण ज्या दिवशी एखादी बाई संचेती हॉस्पिटलच्या गजबजलेल्या चौकातून एकटी गाडी काढून परत येई आणि खाली उतरून माझ्या बॉनेटवर हळूच थाप मारी, त्या दिवशी मी स्वतःला पुण्यातली सर्वांत नशीबवान मोटार समजे.

पुढे रस्त्यांवर नव्या, चपळ, छोट्या गाड्या आल्या. त्यांचे स्टीअरिंग एका बोटाने फिरे. मुलींना त्यांच्यावरच शिकायचे होते. त्यातच बाई जिन्यावरून पडल्या. पाठीच्या मणक्याचे ऑपरेशन झाले आणि माझी पाटी उतरली. मी सोसायटीच्या कोपऱ्यात उभी राहिले. टायर बसले. मागच्या सीटवर एका मांजरीने पिल्ले घातली. एका सकाळी माझ्या काचेवर कागद चिकटलेला होता: 'सदर वस्तू वाहन आहे की स्मारक, याचा संबंधितांनी खुलासा करावा.' मला फार लागले ते. कारण खुलासा माझ्याकडेही नव्हता.

बाईंचा मुलगा प्रज्ञेश तेव्हा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होता. आई बरी झाली, पण घराबाहेर पडेना, हे त्याला बघवत नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, "गाडी चालवायला हरकत नाही. पण पाठीला धक्के नकोत." त्याने आईला नवी गाडी दाखवायला नेले. बाई आत बसल्या आणि कण्हतच बाहेर आल्या. सीट खोल होती, वाकून शिरावे लागत होते. घरी आल्यावर त्या सरळ माझ्याकडे आल्या, दार उघडून आत बसल्या. माझी सीट उंच आणि ताठ. त्या बराच वेळ बसून राहिल्या.

"प्रज्ञेश," त्या म्हणाल्या, "ही धक्के द्यायची थांबली, तर मी हिलाच चालवेन."

मला मांजरीच्या पिल्लांसकट नाचावेसे वाटले.

पिल्लांची सोय शेजारी झाली आणि मला ओढत नाना पेठेतल्या रंगरावांच्या गॅरेजमध्ये नेले. मित्रांनो, मोटारीलाही गुडघे असतात. पुढच्या चाकापाशी जाड स्प्रिंग असते, ती धक्का गिळते. तिच्यासोबत शॉकअप असतो, तो स्प्रिंगला उगाच नाचत राहू देत नाही. सांध्यांत रबराचे बुश असतात. या सगळ्याला सस्पेन्शन म्हणतात. माझे बुश भुगा झाले होते, शॉकअप गळत होते आणि चाके थरथरत होती.

रंगरावांनी खालून पाहून सांगितले, "ताई, पुढचं सगळं गॅसने कापून काढतो. एका नव्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन आलंय, ते वेल्डिंग करून बसवतो. लोण्यासारखी चालेल."

प्रज्ञेशच्या डोक्यात वेगळेच होते. इंटरनेटवर जुन्या गाड्यांचे शौकीन एकमेकांशी बोलत, ते तो आवडीने वाचायचा. "आखूड, कडक स्प्रिंग टाकू या, आई. गाडी खाली बसते, वळणावर रस्ता सोडत नाही. आणि दिसते काय!"

"मी शर्यतीला निघाले आहे का?" बाईंनी विचारले. पण त्या नाही म्हणाल्या नाहीत. "दोन्ही तऱ्हांच्या गाड्यांत आधी बसून बघते. पाठ माझी आहे."

प्रज्ञेशचा मित्र सलिल याच्या जुन्या फियाटला तशी कडक स्प्रिंग होती. बाई आणि प्रज्ञेश तिच्यात बसून निघाले, चालवायला सलिल. पहिल्या गतिरोधकावर त्यांनी सीट घट्ट धरली. दुसऱ्यानंतर म्हणाल्या, "सलिल, गाडी सुरेख आहे. मला इथेच सोड, मी रिक्षाने जाते." पुण्यातल्या रिक्षाला इतका मोठा मान क्वचितच मिळाला असेल. प्रज्ञेश आईला सावरत घरी घेऊन आला आणि कडक स्प्रिंगचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

मग रंगरावांनी पूर्वी तशीच कापून जोडलेली एक गाडी आणली. ती खरोखरच मऊ चालत होती. बाई खूश होऊन उतरल्या. शेजारच्या भिंतीला कापायच्या गॅसचे सिलिंडर टेकवून ठेवलेले मला दिसत होते.

"समजा, नाही जमलं," बाई म्हणाल्या, "तर हिला परत होती तशी करता येईल?"

"नाही, ताई," रंगराव प्रामाणिकपणे म्हणाले. "एकदा कापलं की कापलं."

बाई माझ्या बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या. "माझ्या ऑपरेशनच्या आधी मी डॉक्टरांना विचारलं होतं, मणका काढून दुसरं काही बसवणार का? ते म्हणाले, जे तुमचं आहे त्याला आधी आधार देऊन बघू. हिलाही तीच संधी द्या. सांगाडा तिचाच राहू दे. स्प्रिंग पहिल्या मापाची, बुश नवे, आणि शॉकअप मिळतील तितके उत्तम."

"आणि तेवढ्याने पुरलं नाही तर?" प्रज्ञेशने विचारले.

"तर मी घरी बसेन," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र बारीक झाला होता.

उत्तम शॉकअप मिळाले ते थेट इटलीत. फियाट कंपनी मूळची तिकडची, म्हणजे माझे मूळ माहेरच. प्रज्ञेशची सहकारी सोनाली कंपनीच्या कामाला तिकडे गेली होती. परतताना तिने बॅगेतले स्वेटर अंगावर चढवले आणि स्वेटरांच्या जागी दोन शॉकअप ठेवले. भर उन्हाळ्यात मुंबईच्या विमानतळावर ती स्वेटर घालून घामाघूम उतरली. हे शॉकअप खास होते. किल्लीने फिरवून त्यांना घट्ट किंवा सैल करता येत होते.

रंगरावांनी मला उचलून धरले, जुने गंजके सांधे सोडवले, नवे बसवले. पहिल्या फेरीत मात्र घात झाला. शॉकअप फारच घट्ट लागले होते. गल्लीतल्या पहिल्याच खड्ड्यात बाईंनी ओठ चावला आणि गाडी बाजूला घेतली. त्यांनी माझे इंजिन बंद केले.

रंगराव धावत आले तेव्हा बाई म्हणाल्या, "रंगराव, थोडे सैल करा. मी पुन्हा फेरी मारते."

मग रंगराव थोडे सैल करत, बाई फेरी मारून येत, मान हलवत, रंगराव पुन्हा किल्ली घेऊन खाली शिरत. एकदा फारच सैल झाले तर मी होडीसारखी डुलू लागले आणि गॅरेजातले सगळे हसले. पुन्हा थोडे घट्ट. शेवटी एका फेरीला बाई परतच येईनात. प्रज्ञेश धास्तावून रस्त्यावर गेला. बाई पार क्वार्टर गेटच्या चौकापर्यंत जाऊन आल्या होत्या. "रस्ता मोकळा होता," एवढेच त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मांजरीला मुक्ताईंच्या शेतावर सगळ्या जुन्या विद्यार्थिनी जमल्या. बाईंनी मला स्वतः चालवत नेले. शेजारी कुसुमताई होत्या. वाटेत रेल्वेचे फाटक लागले. उखडलेला रस्ता आणि मध्ये रूळ. कुसुमताईंनी दाराचा दांडा घट्ट धरला. मी पुढची दोन्ही चाके अलगद रुळांवर टेकवली, खाली बसले, उठले आणि पलीकडे गेले.

शेतावर मुक्ताई धावत आल्या. "बाई, पाठ कशी हाय?"

"पाठ?" बाई क्षणभर थांबल्या. "अहो, मी तिला विसरूनच गेले होते."

कुसुमताई म्हणाल्या, "दार मीच धरून ठेवलं होतं, म्हणून." आणि त्या तोंड फिरवून डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोपऱ्यात एखादी जुनी सायकल किंवा शिलाई मशीन उभे असेल. ते टाकून देण्याआधी किंवा कापून नवे करण्याआधी त्याचे नेमके काय दुखते ते एकदा पाहा. आणि दुरुस्त केलेत तर वापरा. आम्ही कामाने कमी झिजतो, नुसते उभे राहून जास्त.

जास्त बोलायला वेळ नाही. माझ्या टपावर पाटी पुन्हा चढली आहे. मुक्ताईंची सून नंदा आज पहिल्यांदाच स्टीअरिंगसमोर बसली आहे. तिने किल्ली लावली आहे, मी गिअरमध्ये आहे, आणि तिचा पाय अजून क्लचवर नाही.