चौथ्या सेक्शनचा राखणदार

दगडधोंड्यांवरून मोटरसायकल चालवायची हौस कुमारची होती, अरुंधतीची नव्हे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे क्लबात जो तो त्याला ‘अरुंधतीताईंचे मिस्टर’ म्हणून ओळखायला लागला आणि हा उद्योग मुळात सुरू कुणी केला हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

कुमार तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. वय बावन्न. कोण कुठे घसरेल, कोण कशावर आपटेल हे आधीच ओळखायचा पगार त्याने सत्तावीस वर्षं घेतला होता, आणि जित्याची खोड घरी आल्यावरही जात नसे. करंजाड्याच्या त्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या दारात दोन पायपुसणी होती. एक पाय पुसायला, दुसरं पहिलं सरकू नये म्हणून खाली. असा माणूस मोटरसायकलच्या क्लबात गेलाच कसा, असं कुणीही विचारेल. त्याचं म्हणणं असं, की ह्या खेळात वेगच नाही. वेग नाही म्हणजे धोका नाही. पहिल्या रविवारी कोपर सोलून घेईपर्यंत तो ह्या मतावर ठाम होता.

खेळाचं नाव ट्रायल्स. ही शर्यत नव्हे. ओढ्यातून, चढावरून, खडकांतून पन्नासेक पावलांची वाट फीत लावून आखतात, तिला म्हणतात सेक्शन. गाडीला सीटच नसतं. पायटांवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून, चालत्या माणसाहूनही हळू, ती वाट पार करायची. पाय जमिनीला टेकला की एक गुण, दुसऱ्यांदा टेकला की दोन, त्यापुढे कितीही टेकले तरी तीन. पडलात किंवा गाडी बंद पडली तर पाच. इथे गुण म्हणजे दोष; ज्याचे कमी तो जिंकला. शून्यावर बाहेर आला त्याला सगळे टाळ्या देतात.

क्लब चालवायचा केतन, ज्याचं रोडपालीला गॅरेज होतं. जुन्या गाड्या सोलून, सीट काढून, त्यानेच त्या ह्या कामाला तयार केल्या होत्या. जागा तुळशीरामची, आपट्याला पाताळगंगेच्या काठाला खडकाळ माळाचा तुकडा. “हितं भात पिकला नाय, वाल पिकला नाय,” तुळशीराम म्हणायचा, “पोरं तरी पिकूं द्या.” क्लबाच्या स्पर्धेत सगळ्यांत अवघड सेक्शनचा पंच तोच व्हायचा, कारण सत्तरीतही त्याची नजर घारीची होती आणि भीडभाड त्याला ठाऊकच नव्हती.

“पनवेलवाल्यांच्या बाइकला चार चाकं असतात,” केतनने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “दोन बाइकची, दोन पायांची. गतिरोधक आला की दोन्ही पाय खाली. ती सवय इथे सोडायची.” कुमारची सुटली नाही. शिवाय तो दगडाकडे बघायचा. बघितलं नाही तर धोका कसा कळणार? पण ह्या खेळात नजर जिथे, गाडी तिथे. केतन घसा फोडून सांगे, “काका, वाटेकडे बघा, दगडाकडे नको!” आणि काका नेमाने दगडावर जात.

अरुंधती डबा घेऊन सोबत यायची. ती एका पतपेढीत अधिकारी होती आणि तिने जन्मात दुचाकीचं हँडल धरलं नव्हतं. तिसऱ्या रविवारी, कुमार गुडघ्याला बर्फ लावत बसलेला असताना, ती सहज पायटांवर उभी राहिली. गाडी जागच्या जागी, इंजिन बंद. केतन शेजारी हात पसरून उभा. दहा सेकंद झाले, वीस झाले, ती उभीच. “ताई, हे कुठे शिकलात?” केतनने विचारलं. अरुंधतीने कुमारकडे बोट दाखवलं. लग्न झाल्यापासून ती त्याच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसत आली होती, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, धरायला काही नाही. तोल म्हणजे काय हे तिला वेगळं शिकवायची गरजच नव्हती.

चार महिन्यांत कुमारने आपले बूट कपाटात ठेवले आणि अरुंधतीने स्वतःचे घेतले. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. पण लगेच दुसरं काम मिळालं आणि ते त्याच्या अगदी जिवाजवळचं होतं. अवघड दगडापाशी एक माणूस उभा राहतो, गाडी चालवणाऱ्याच्या अंगावर पडू लागली तर धरायला. तुळशीरामने त्याला नाव दिलं राखणदार, आणि तेच रूढ झालं. अरुंधतीचा राखणदार कुमार झाला.

आता ह्या राखणदाराला एक अट असते. गाडी खरंच कोसळत असेल तरच हात लावायचा, कारण हात लागला की चालवणाऱ्याला पाच. मग तो पडो, न पडो. आणि कुमारचे हात शिवशिवायचे. चाक जरा घसरलं की ह्याचा हात हँडलवर. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरच्या सरावात त्याने सात वेळा धरलं. त्यातल्या पाच वेळा गाडी सरळ होती.

“अहो, सोडा!” ती ओरडायची.

“पडली असतीस.”

“मग पडू द्या. गुडघ्याला पॅड बांधलंय ते कशाला?”

जानेवारीतल्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने शांतपणे सांगितलं, “उद्या एकदा जरी विनाकारण हात लावलात, तर मी दुसरा राखणदार घेणार. मग पुन्हा तुम्हाला उभं करणार नाही.” ती ओरडली असती तर कुमारने मनावर घेतलं नसतं. पण ती मेथीच्या काड्या वेगळ्या काढत होती आणि आवाज पतपेढीतला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला कळलं, की रविवारची ती दगडाजवळची जागा आपल्याला फार हवी आहे. मुलगी बंगळूरला, घरात दोघंच, दिवसभर आपापली ऑफिसं. आठवड्यात तेवढे दोन तास आपण हिच्या खऱ्या कामी येतो, असं त्याला वाटायचं.

सकाळी त्याने तिच्या हेल्मेटचा पट्टा तीनदा तपासला. पाच सेक्शन होते, दोन फेऱ्या. पहिल्या तीन सेक्शनांत राखणदाराची गरज नव्हती. अरुंधतीने मिळून एकच गुण घेतला. चौथं अवघड. कोरड्या ओढ्यातून वर येताना छातीएवढा काळा खडक होता, त्यावर पुढचं चाक चढवून लगेच डावीकडे वळायचं. कुमार खडकाखाली हाताची घडी घालून उभा राहिला. शाळेतल्यासारखी, घट्ट.

ती आली. चाक चढलं. मागचं चाक एवढंसं सरकलं, खडी वाजली.

त्याला नंतरही आठवेना की घडी सुटली कधी. हात हँडलवर होता, एवढं मात्र खरं.

“पाच,” तुळशीराम फितीपलीकडून म्हणाला.

“काका, ती पडत होती,” कुमार म्हणाला.

“नाय. गाडी सरल व्हती. तुमचा हात वाकडा.”

जेवायची सुट्टी झाली. त्याच्या हातात अरुंधतीने डबा दिला, लोणचं दिलं, पाण्याची बाटली दिली. सगळं दिलं, शब्द तेवढा दिला नाही. मग उठून ती वेणूकडे गेली. वेणू आपट्याचीच, दर रविवारी माळावर चहा-वडे विकायची. अंगाने भक्कम, भरलेला सिलिंडर एका हाताने उचलणारी.

“वेणू, दुसऱ्या फेरीला चौथ्याला माझी राखणदार होशील?”

“काय करायचा?”

“काही नाही. मी खरंच दगडावर आपटायला लागले तर धरायचं. नाहीतर नुसतं उभं राहायचं.”

“ह्ये तर सोपा हाय,” वेणू म्हणाली आणि गॅस बंद केला.

कुमार वडा हातात धरून ऐकत होता. सोपं आहे म्हणे! त्याला राग आला, तिचा, वेणूचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या उजव्या हाताचा.

तेवढ्यात तुळशीराम काठी टेकत आला. उरणला त्याच्या पुतण्याची हळद होती आणि पुतण्याच्या हळदीला चुलता उशिरा पोचला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. “मना निघाला पायजे. चौथ्याला तुमी पंच व्हा,” असं म्हणून त्याने गुणांच्या कार्डांची पाटी आणि पेन कुमारच्या हातात ठेवलं. “तुमी कायद्याचा मानूस. बायकोला सूट देनार नाय, मना म्हायती हाय.” केतननेही मान डोलावली. दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

त्यामुळे दुसऱ्या फेरीला कुमार पहिल्यांदाच फितीबाहेर, चढाच्या माथ्यावर उभा होता. काम त्याने चोख केलं. भावेश नावाच्या पोराला तीन दिले. भावेशने हुज्जत घातली तेव्हा कुठल्या दगडावर कुठला पाय टेकला ते क्रमाने सांगितलं आणि भावेशने गाडी पुढे काढली. पूर्वी नावाच्या मुलीला एक. सगळे आकडे सुवाच्य, रकान्याच्या मधोमध.

मग अरुंधतीची पाळी आली. खाली खडकापाशी वेणू पदर खोचून, कमरेवर हात ठेवून उभी होती. कुमारने शिट्टी दिली.

दोन वर्षं तो तिच्या गाडीसोबत होता, पण खालून. खालून काय दिसतं? पुढचं चाक, पायट, तिचा डावा बूट, आणि ती पडेल ती जागा. ती जागा तर त्याने इतक्यांदा पाहिली होती की झोपेतही दाखवली असती. आज वरून त्याला सबंध बाई दिसली. गुडघे सैल, कोपरं बाहेर. नजर चाकावर नाही. दोन दगड पुढे. सुईत दोरा ओवताना काढते तशी जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात. ओढ्यातल्या गोट्यांवर गाडी थांबल्यासारखी झाली, ती तोलावर उभी राहिली, क्लचवरचं एक बोट हललं आणि गाडी पुढे सरकली. घाई नाही. भीती तर नाहीच.

काळ्या खडकावर चाक चढलं आणि मागचं घसरलं. सकाळच्यापेक्षा जास्त. गाडी डावीकडे कलली. वेणूने हात कमरेवरून काढले, पण जागची हलली नाही. अरुंधतीचा डावा पाय खाली आला, खडकाला एक रेटा दिला, परत पायटावर गेला, आणि गाडी वर. वर आल्यावर ती हसली. मोठ्याने, कुणासाठी नव्हे, एकटीच.

हे हसू कुमारने ह्याआधी ऐकलं नव्हतं. आधी ती हसली नसेल असं नाही. त्या वेळी तो ‘पडशील, पडशील’ म्हणून ओरडत असायचा. हिला आपण सांभाळतो असं आपण समजत होतो आणि इतकी वर्षं हिच्याकडे नीट पाहिलंच नाही, असं त्याच्या मनात आलं. उन्हात, पाटी हातात धरून, सुरक्षा अधिकारी रडायच्या बेतात होता.

अरुंधती फितीबाहेर येऊन त्याच्यापाशी थांबली. “किती?”

कुमारने पाटीकडे पाहिलं. चौथ्याचा रकाना कोरा होता. पेन बोटांत नव्हतं. कधीतरी खाली पडलं होतं.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “मोजायचं राहिलं.”

“राहिलं म्हणजे? पंच ना तुम्ही? मग करत काय होतात?”

“तुला बघत होतो.”

ती चेष्टा समजून काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तिने त्याचा चेहरा पाहिला. मग उगाचच हातमोजा नीट करत बसली. “एक,” ती हळू म्हणाली. “डावा पाय. लिहा.”

“येकच हाय, मी बगितला!” वेणू खालून ओरडली. “लिवा लवकर, मागं पोरं उबी हायत.”

त्याने वाकून पेन उचललं आणि एक लिहिला. आकडा रकान्याच्या जरा बाहेर गेला.

नवशिक्यांत पूर्वी पहिली आली आणि अरुंधती एका गुणाने दुसरी. सकाळचे ते पाच नसते तर काय झालं असतं ते कुणी बोललं नाही, कुमारसुद्धा. फिती गुंडाळून झाल्यावर केतन पुढच्या महिन्याची यादी करायला बसला.

“ताई, राखणदार म्हणून काकांचंच नाव ठेवू ना?”

अरुंधतीचा राग केव्हाच गेला होता. ती हो म्हणणार होती, तिने तोंडही उघडलं होतं.

“वेणूचं घाल,” कुमार म्हणाला. “मला चौथ्याला पंच ठेव.”

केतन हसला. “काका, पण पंचाला मोजावं लागतं.”

“सगळ्यांचं मोजीन,” कुमार म्हणाला. “हिची पाळी आली की तेवढ्यापुरता तू माझ्या जागी ये.”