जगदेवकाकांच्या कॉम्प्युटरची बाधा

अनसिंगच्या बसस्टँडसमोर जगदेवकाकांचं ऑनलाइन सेंटर आहे. त्याच्या दाराशी चपलांचा एवढा ढीग होता की मला वाटलं, काका गेले. आत शिरलो तर काका ठणठणीत. हात जोडून कॉम्प्युटरपुढे उभे होते. कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं होतं, प्रिंटरवर लिंबू होतं, आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता. माउस टेबलावर निपचित पडलेला. त्याला कोणी शिवतसुद्धा नव्हतं.

मी वाशिमात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मित्रांचे फुकट आणि गिऱ्हाइकांचे जवळजवळ फुकट. सकाळी सेंटरवर काम करणाऱ्या नीताताईचा फोन आला होता. "करणभाऊ, एकही साइट उघडून नाई राह्यली. सगळीकडं 'सुरक्षित नाही' असंच येते. लवकर या, नाई तं माई नोकरी जाते."

गिऱ्हाइकं असंच बोलतात म्हणून मी आधी जेवलो, मग निघालो. पण तिची नोकरी खरंच पडद्यावर लटकली होती. मोठ्या अक्षरांत दोन नावं लिहिलेली होती: नीता आणि हरीओम.

तिच्या खुर्चीत विद्युतनाथ महाराज बसले होते. मागच्या सालापर्यंत ते बोअरची जागा दाखवायचे. बोअर कोरडे निघायला लागल्यावर त्यांनी साधनेचं क्षेत्र बदललं. उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपमाळ झाकायच्या कापडी पिशवीत. पिशवी मांडीवर, आणि ओठ चालू.

"यंत्र सोताच म्हणून राह्यलं, सुरक्षित नाई," महाराज म्हणाले. "अजून काय पुरावा पायजे?"

"महाराजले वाचता बी येते," मागून कोणीतरी आदराने म्हणालं.

"बाधे, तू कोणाच्या पावलानं आली?" महाराजांनी पडद्याला विचारलं.

बाण सरकत सरकत नीताताईच्या नावावर थांबला.

"मंग या गादीवर कोणाले बसवू?"

बाण तरंगत हरीओमवर गेला, दोन टिचक्या वाजल्यासारखं झालं आणि ते नाव निळं झालं. "कृष्णाचा रंग," एक जण पुटपुटला. हरीओम हा महाराजांचा सख्खा भाचा. नवा शर्ट घालून तो दाराशी उभाच होता. त्याने लाजून मान खाली घातली. भुताची शिफारस मिळालेला जिल्ह्यातला तो पहिलाच उमेदवार असावा.

"काका, तुमी तं ओळखता मले," नीताताई म्हणाली. "या खुर्चीवर माये दोन लेकरं शिकून राह्यले."

"मी कायी म्हंतो का पोरी? मशीन म्हणून राह्यली."

तेवढ्यात उदबत्तीच्या धुराने महाराज शिंकले. बाण उडून पडद्याच्या कोपऱ्यात आदळला.

"महाराज, भुताले सर्दी झाली काय?" मी विचारलं.

"ते आमच्यासंग जोडलेलं हाय."

त्या दिवसभरात महाराज बोलले ते हे एकमेव खरं वाक्य.

मी कॉम्प्युटरच्या मागे वाकलो. माउसची वायर जागेवर होती. शेजारी मात्र नखाएवढा एक काळा तुकडा खोचलेला. "ताई, हे तुमचं?"

"नाई बा. काल साइट बंद पडल्या तवा महाराजांनं मागून अंगारा लावला होता, तवाचं असंल."

मी तो तुकडा उपटला. बाण जागीच थिजला. महाराजांचा जप वाढला, गोमुखी गदागदा हलायला लागली, भूत ढिम्म. "कोपलं," महाराज म्हणाले. मी तुकडा माझ्या लॅपटॉपला लावला आणि लॅपटॉप गर्दीकडे वळवला. तिथला बाण पिसाळल्यासारखा धावत सुटला. महाराज अजून काकांच्याच पडद्याकडे पाहत मांडी घासत होते.

"काका, बाधेनं घर बदललं," मी म्हणालो. "आता महाराजले पिशवी उघडा म्हणा."

"गोमुखीत डोकावणं महापाप हाय," महाराज गरजले. गर्दी एक पाऊल मागे सरकली. आपल्याकडे त्या पिशवीत डोकावायची छाती कोणाचीच नसते. महाराजांनी जागा अचूक निवडली होती.

कोपऱ्यातून काकांची आई, जमनाबाई, बोलली. "महाराज, मी रोज माळ ओढतो. अंगठ्याजवळचं बोट भोकातून बायेर ठेवा लागते, त्यानं मणी शिवत नाई. तुमचं बोट आत काहून?"

"आमचा संप्रदाय वेगळा हाय."

"बटन दाबाचा," मी म्हणालो. "त्याले तेच बोट लागते."

म्हातारीने परवानगी न घेता पिशवी उलटी केली. माळ नव्हतीच. टेबलावर बिनवायरचा माउस पडला, पोटाखाली लाल दिवा लुकलुकत. "माय व, डोळा हाय त्याले," कोणीतरी म्हणालं, आणि निम्म्या लोकांनी त्यालाच हात जोडले. मग मी घाईने समजावलं: हा माउस हलला की तो काळा तुकडा ओळखतो, आणि ज्या कॉम्प्युटरला तुकडा, त्याचा बाण फिरतो. जमनाबाईने स्वतः माउस फिरवून पाहिला आणि ती बराच वेळ द्यायला तयार नव्हती.

"मंग साइट काहून उघडत नाई?" काकांनी विचारलं.

मी पडद्यावरची तारीख दाखवली. काकांचा कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागे जगत होता. आत घड्याळाचा एक गोल सेल असतो. तो संपला की लाइट बंद केल्यावर यंत्र तारीख विसरतं, मग साइटची आजची ओळखपत्रं त्याला भविष्यातली वाटतात आणि ते 'सुरक्षित नाही' म्हणतं. मी सेल बदलला, तारीख लावली, साइट उघडली. या गडबडीत महाराज आणि भाचा मंगरूळपीरच्या गाडीत बसलेही होते.

लगेच एका बाईने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. "करणभाऊ, आमच्या मिक्सरलेही हात लावून द्या."

"मावशी, हात नाई, पेचकस लावतो," मी कपाळ पुसत म्हणालो.

"बस पोरी," काका नीताताईला म्हणाले.

ती उभीच राहिली. "कोण म्हंते? मशीन?"

काकांनी गर्दीकडे पाहिलं. खाकरले. "मी म्हंतो. चूक माई होती. मी विचारलं नाई."

मग ती बसली.

यंत्र अडलं तर ते उघडून पाहावं, उघडता येत नसेल तर उघडणाऱ्याला बोलवावं, एवढंच माझं सांगणं आहे. आणि जिथे कारण विचारायलाच बंदी असते, तिथे कोणाची तरी भाकर चाललेली असते. म्हणून तिथे तर आधी विचारा.