बहात्तर तासांची विश्रांती

साहेब, तुम्ही अश्वजित सोनकांबळेची झोप चोरली आणि वर त्याच्याकडूनच झोप मिळाल्याची पोचपावती मागितली. चोर आम्ही पुष्कळ पाहिले. पण घर फोडून घरमालकाकडून 'सगळं सामान जागेवर आहे' असं लिहून घेणारा चोर तुमच्याशिवाय दुसरा पाहिला न्हाई. तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तुमच्यासारखे प्रत्येक ऑफिसात एकेक बसलेत, एकाचं नाव घेतलं तर बाकीचे आपण सुटलो म्हणून पेढे वाटतील.

अश्वजित नांदेडचा. धान्य निवडायच्या मशिनी बसवायच्या, बिघडल्या तर नीट करायच्या, हे त्याचं चौदा वर्षांचं काम. या मशिनीत वरून दाणे धो धो पडतात, आतला कॅमेरा एकेक दाणा बघतो आणि नको त्या दाण्याला हवेची फुंकर मारून बाजूला उडवतो. कोणता दाणा ठेवायचा अन् कोणता उडवायचा, हे मशिनीला माणसानंच शिकवावं लागतं. अश्वजितचं शिक्षण आयटीआय. पण त्यानं शिकवलेली मशीन चुकली, असं चौदा वर्षांत एका गिरणीवाल्यानं म्हटलं नव्हतं. पुण्याच्या ऑफिसातले टाय लावलेले इंजिनिअर अडले की गुपचूप त्यालाच फोन करत.

म्हणून साहेबांनी त्याला ब्राझीलला धाडलं. तिकडचे लोक काळा घेवडा खातात. तीन आठवडे अश्वजित तिथल्या मशिनींना एकच धडा शिकवत होता: काळा ठेव, फिका उडव. सोमवारी पहाटे चारला तो हैदराबादला उतरला आणि दुपारी ट्रॅव्हल्सनं नांदेडला घरी आला. पुढच्या मंगळवारी कॅनडाचं तिकीट काढलेलंच होतं, तिथल्या मसुरीच्या गिरणीसाठी. ब्राझीलचं घड्याळ आपल्या साडेआठ तास मागं. कॅनडातल्या त्या गिरणीच्या गावाचं साडेअकरा. मधे आठ दिवस. साहेबांना वाटलं असेल, माणूस म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. काटा फिरवला की झालं.

घरी कंपनीचं पार्सल येऊन पडलं होतं. त्यात डोळ्यांवर बांधायची निळी पट्टी होती आणि 'लांबच्या विमानप्रवासानंतर ताजेतवाने कसे राहाल?' अशी गुळगुळीत पुस्तिका.

पट्टी बघून त्याची बायको पंचशीला म्हणाली, "घाण्याच्या बैलाला झापड बांधतात, तसलं दिसतंय हे. ऑफिसानं माप बरोबर घेतलंय तुमचं."

पुस्तिकेत लिहिलं होतं, सकाळच्या कोवळ्या उन्हात फेरफटका मारा. मे महिन्यात नांदेडला कोवळं ऊन कुठं मिळतं, ते पुस्तिका लिहिणाऱ्यानं एकदा येऊन दाखवावं. शयनगृह थंड, अंधारं आणि शांत ठेवा, असंही होतं. दोन खोल्या, वर पत्रे, भिंतीला लागून वेल्डिंगचं दुकान. शेवटी लिहिलं होतं, आपण घरी पोहोचलो आहोत असं मनाला सांगा. अश्वजितनं सांगितलं. मनाला पटलं. पोटाला पटेना, आणि डोळ्यांनी तर साफ इन्कार केला.

पंचशीला सरकारी दवाखान्यात नर्स. झोपेचं तिला कळतं. ती म्हणाली, "आम्ही एक रात्रपाळी केली की दुसरा दिवस सुट्टी. तसा नियमच हाय. अन् तुम्ही अर्ध्या पृथ्वीला फेरा मारून आलात तरी सुट्टी न्हाई?"

"आठ दिवस हायत की."

"ते देतील तेव्हा खरं."

त्याच दिवशी संध्याकाळी साहेबांचा फोन आला. आवाजात साय. "सोनकांबळे, वेलकम बॅक. लातूरला शिवमूर्तींच्या दाळमिलमध्ये मशीन जरा सेट करायची आहे. उद्या सकाळी नऊला पोहोचा. छोटंसं काम. नांदेडहून लातूर म्हणजे तुमच्या शेजारीच ना?"

"साहेब, आजच उतरलोय. डोकं अजून विमानातच हाय. दोन दिवस द्या."

"अहो, तिथं गेलात की फ्रेश वाटेल."

पुण्यात बसलेल्या माणसाला लातूर आणि नांदेड नकाशावर बोटभर अंतरावर दिसतं. या बोटभर अंतरासाठी पहाटे पाचची एसटी धरावी लागते. मंगळवारी अश्वजितनं ती धरली. रात्रभर त्याचे डोळे टक्क उघडे होते, कारण इथली रात्र म्हणजे तिकडची दुपार. बसनं अहमदपूर सोडलं आणि तिकडची रात्र भरून आली. तो मेल्यासारखा झोपला. बस लातूर स्टँडवर थांबली, माणसं उतरली, चढली, बस सुटली. ह्याला पत्ता न्हाई. औशाच्या स्टँडवर कंडक्टर बाईनं खांदा हलवला.

"ओ भाऊ, लातूरचं तिकीट अन् औशाला उतरून राहिलाव? दोनदा हाक मारली होती म्या."

"लातूर गेलं का?"

"लातूर हाय तिथंच हाय. तुम्ही गेलाव."

मिलला फोन करून, उलटी बस धरून तो अकराच्या पुढं मिलमध्ये पोचला. मालक शिवमूर्ती अप्पा पेढीवर बसले होते. माणूस तोंडाचा तिखट, मनाचा वाईट न्हाई. म्हणाले, "या इंजिनिअर. औशाचा किल्ला बघून आलाव म्हणं. कसा हाय?"

"झोपेत बघितला, अप्पा."

मशीन चालू करायला साडेबारा झाले. आता इथली मिलची पद्धत सांगतो, कारण तिच्यावरच सगळं आहे. मशिनीखाली दोन नळ्या. एका नळीतून चांगली दाळ पोत्यात पडते. दुसऱ्या नळीतून वाईट माल पडतो, आणि अप्पांच्या मिलमध्ये ही दुसरी नळी थेट चुनीच्या चक्कीला जोडलेली आहे. वाईट दाणा भरडला जातो आणि ढोरांचं खाद्य होतो. पोत्याच्या तोंडाशी हुसेनबी बसते. साठीची बाई. पोतं शिवायच्या आधी मूठभर दाळ सुपात घेऊन ती नजर फिरवते. तिनं मान हलवली तरच सुई चालते. मशीन परदेशी असो की स्वर्गातली, शेवटचा शब्द हुसेनबीचा.

अश्वजित मशिनीच्या पडद्यासमोर उभा राहिला. दुपारचा एक. त्याच्या अंगात पहाटेचे साडेचार. बोटं ओळखीची, तीन आठवडे जे करत होती तेच त्यांनी केलं. काळा ठेव, फिका उडव. त्यानं बटण दाबलं, सळसळ सुरू झाली, आणि तो खांबाला टेकला. हुसेनबी तेवढ्यात भाकर खायला उठली होती.

ती परत आली, सुपात मूठ घेतली आणि सूप खाली ठेवलं.

"अरे बाबा," ती म्हणाली, "ये क्या निवडून राहिलास तू? पोत्यात तर सगळा कचरा हाय."

ती जवळ गेली. तो खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपला होता, डोळे अर्धे उघडे. तिनं त्याला हात लावून जागं केलं नाही. आधी मशिनीचा लाल खटका दाबला, मग मोठ्यानं म्हणाली, "अप्पा, इकडं येवा. पोरगं खडं खडं सोया है. अन् तुमची फटका दाळ चुनीत गेली."

फटका म्हणजे लातूरच्या तुरीची पहिल्या नंबरची दाळ, लग्नाच्या पंगतीत शोभेल अशी पिवळीधमक. वीस मिनिटं ती म्हशीसाठी भरडली जात होती, आणि काळे दाणे पोत्यात मानानं बसले होते.

अश्वजितला जाग आली तेव्हा चक्कीखालची पिवळी भुकटी त्याला दिसली. त्यानं ती ओंजळीत घेतली. कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, "अप्पा, माझीच चूक हाय. उलटं शिकवलं."

"ते दिसूनच राहिलंय," अप्पा म्हणाले. "म्हशी दुवा देतील तुला."

अप्पांनी पुण्याला फोन लावला. इथवर जे झालं ते झालं. माणूस चुकतो, आणि ज्याला झोपू दिलं न्हाई तो चुकणारच. पण साहेब, खरी गंमत तुम्ही पुढं केली. जी कंपनी दोन दिवसांच्या सुट्टीला हो म्हणत नाही, तिनं पाऊण तासात कागद तयार केला. पेढीवरच्या प्रिंटरमधून तो गरम गरम बाहेर आला.

'मी घोषित करतो की, परदेश प्रवासानंतर मी सलग बहात्तर तास पूर्ण विश्रांती घेतली होती व कामावर हजर होताना तंदुरुस्त होतो. झालेली चूक सर्वस्वी माझ्या निष्काळजीपणामुळे झाली आहे.' खाली सहीची जागा. वर तारीख आदल्या दिवसाची, म्हणजे चूक व्हायच्या आधीच तिची कबुली.

मागोमाग साहेबांचा फोन. "सोनकांबळे, फॉर्मॅलिटी आहे. सही केलीत की शिवमूर्तींची भरपाई आजच मंजूर करतो, आणि कॅनडा आहेच. नाही केलीत तर मग चौकशी लागेल, कॅनडाही जाईल. बघा."

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "कर ना बाबा सही. माझं काम अडून बसलंय. तूच म्हणलास न्हवं, चूक माझी म्हणून?"

"चूक माझीच हाय, अप्पा. पण ही झोप माझी न्हाई."

"म्हणजे?"

"बहात्तर तास म्हणं. मी कुठं झोपलो बहात्तर तास?"

हुसेनबी दारात उभी होती. "मेरे सामने सोया ना," ती म्हणाली. "वीस मिनिट. खांबाला टेकून. लिही की, वीस मिनिट."

अप्पांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं.

अश्वजितनं पंचशीलाला फोन केला. कागद वाचून दाखवला.

"नोकरी जाईल का?" तिनं विचारलं.

"जाऊ शकते."

"दुसऱ्याच्या फायलीवर असं लिहिलं तर लोक म्हणतात, बिचारा, चुकला. आपल्या समाजातल्याच्या फायलीवर लिहिलं की म्हणतात, ह्यांचं असंच असतंय. मला एवढंच कळतं. बाकी तुम्ही बघा." आणि मग, "जेवलाव का?"

तो जेवला नव्हता.

अश्वजितनं अप्पांच्या टेबलावरचा पेन घेतला. चौदा वर्षांत त्यानं पुण्याला नुसते मशिनींचे रिपोर्ट धाडले होते, काय बिघडलं अन् काय बदललं. डोळे जड होते, अक्षर जागचं हलत होतं. सहीची जागा त्यानं कोरी सोडली. आदल्या दिवसाची तारीख खोडून आजची टाकली. बोर्डिंग पास खिशातच होता, तो कागदाला टाचला, एसटीचं औशापर्यंत गेलेलं लातूरचं तिकीटही टाचलं, आणि कागद उलटा करून पाठीवर लिहायला घेतलं.

"काय लिहून राहिलास?" अप्पांनी विचारलं.

"चूक लिहून देतो. तुमची भरपाई त्याच्यावर द्यावीच लागंल त्यांना. झोपेचं मात्र त्यांनी लिहावं."

अप्पांनी कागद ओढून घेतला, सावकाश वाचला, आणि मुनीमाकडं सरकवला. "धाड पुण्याला," ते म्हणाले. "अन् खाली माझं नाव लिही, बघितलं म्हणून. हुसेनबीचा अंगठाही घे."

कागदाच्या पाठीवर हे होतं:

'दाळ माझ्या हातून गेली, हे मला मान्य आहे. सोमवारी पहाटे चारला मी हैदराबादला उतरलो. मंगळवारी सकाळी नऊला लातूरला हजर राहा असं तुम्हीच फोनवर सांगितलं. मी दोन दिवस मागितले, तुम्ही दिले नाहीत. या दोन वेळांच्या मधे एकोणतीस तास होतात. त्यात तुम्ही माझी बहात्तर तासांची झोप कुठं बसवली? लेखी उत्तर द्या.'