मठाच्या तुळईखालची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुना मठ आहे, आणि सध्या मला माझ्याच अंगाची शिसारी येते. बोथ गावाकडून आमच्या गावात शिरलात की ओढ्याकाठी पोपटी-गुलाबी असं जे काही दिसेल, तोच मी. मिठाईचं दुकान समजून पुढे जाऊ नका.

माझं वय सातशेच्या पुढे. काळा दगड, चार खांबांचा मंडप, मागे तीन खोल्या, एवढाच माझा पसारा. पाथरवटांनी भिंतींत चुना वापरला नाही. एका दगडाला खुंटी, दुसऱ्याला खाच, आणि दोघांनी एकमेकांना धरून राहायचं. दारं मुद्दाम बुटकी ठेवली, म्हणजे भल्याभल्यांनाही वाकूनच आत यावं लागे. आत गोसावी राहायचे, पोथ्या लिहायचे, वाटसरूला भाकरी द्यायचे. ते गेल्यावर खोल्यांत कापूस भरला गेला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. कापूस निदान भिंतीवर थुंकत नाही.

छतावर मात्र चुन्याचा थर होता आणि त्यासाठी गावाची एक रीत होती. मृगाआधी घरटी एक बेलफळ यायचं. त्याचा गर आणि गूळ चुन्यात कालवून छताच्या भेगा भरायच्या आणि पन्हळ साफ करायची. ही रीत शेवटपर्यंत धरून ठेवली ती गयाबाईंनी. माझ्या मंडपात अंगणवाडी भरते, तिथल्या त्या आया.

मग जीर्णोद्धार समिती निघाली आणि यशवंतराव तिचे अध्यक्ष झाले. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे अक्कलही नव्हती. त्यांनी छतावर सिमेंट ओतलं. पन्हळीचं पाणी नव्या फरशीवर पडतं म्हणून पन्हळच बुजवली. माझ्या कोरीव खांबांना न्हाणीघरातल्या फरश्या चिकटवल्या आणि वर ऑइलपेंट फासला. कोणी थुंकू नये म्हणून देवांची चित्रं लावली. आता लोक दोन देवांच्या मधल्या जागेत थुंकतात. मला ओकारी येते, पण दगडाला तीही सोय नाही.

अडलेलं पाणी छतात मुरलं आणि मंडपाची तुळई तडकली. गयाबाईंनी ते पाहिलं आणि त्या तडक यशवंतरावांकडे गेल्या.

"तुळई तडकून राह्यली जी. लेकरं तिच्याखालीच बसतेत."

"परवा उद्घाटनाले पाहुणे येऊन राह्यले, गयाबाई. आताच काऊन अपशकुन करता?"

संध्याकाळी रंगारी आला आणि त्याने त्या भेगेवर गुलाबी रंग ओढला. माझ्या सातशे वर्षांत मला इतकी किळस कधी आली नव्हती.

उद्घाटनाच्या सकाळी गयाबाईंनी मुलांना बाहेर लिंबाखाली बसवलं. मग अध्यक्षांची खुर्ची उचलली, बरोबर त्या तुळईखाली ठेवली आणि तिच्यावर हार ठेवला.

"बसा जी," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "रंग तं तुमीच देल्ला."

यशवंतरावांनी वर पाहिलं. पाहुण्यांनीही पाहिलं. मग यशवंतरावांनी खुर्ची उचलली आणि अंगणात नेली.

त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी रेणुकाबाई उभ्या होत्या. त्यांची नात पूनम याच अंगणवाडीत येते. रेणुकाबाई हळूच म्हणाल्या, "पूनम तं रोज तिथंच बसत होती ना?"

अध्यक्षांनी उद्घाटन तिथेच थांबवलं. त्यासाठी लावलेल्या पाटीवरचा पडदा अजून उघडलेला नाही. दुसऱ्या दिवशी तुळईला सागाचे टेकू लागले, आणि यशवंतराव स्वतः छतावर चढून बुजलेली पन्हळ फोडत बसले. मी त्यांना माफ केलेलं नाही. पण पाणी वाहू लागलं, हे खरं.

मित्रांनो, म्हाताऱ्या वास्तूला नटवू नका, तिची दुखणी पाहा. मृगाआधी एक बेलफळ आणलंत तरी मला पुरे. आणि रंगाचा डबा घेऊन आलात, तर सोबत खुर्चीही आणा. आधी माझ्या तुळईखाली बसून दाखवा.