विदाउट इश्यू

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे आणि आज माझा जीव टांगणीला लागला आहे. म्हणून लहानपण चार ओळींत आटोपतो.

खिळेजुळाऱ्यांनी शिशाचे एकेक अक्षर जुळवून मला छापले. मग मी एका भाषांतरकाराच्या कचेरीत आलो आणि चाळीस वर्षे त्यांच्या हाताशी राहिलो. इंग्रजी शब्दांचे आजचे अर्थ माझ्यात आहेत, तसे लोक विसरलेलेही आहेत. 'नाइस' म्हणजे एके काळी मूर्ख! हे त्यांनी माझ्यात वाचले, तेव्हापासून कुणी त्यांना 'नाइस' म्हटले की ते विचारत, "जुन्या अर्थाने म्हणताय ना?" जुना कागद आला की ते ओळखीचे शब्द आधी पाहत. म्हणत, "अनोळखी शब्द कुणीही शोधतो. दगा देतो तो ओळखीचा."

ते गेले आणि कचेरी सूनबाईंकडे आली. त्या मनाने वाईट नाहीत, पण त्यांनी मला एकदाही उघडले नाही. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून त्या मला वर ठेवतात. याचे मला फार वाईट वाटते.

आज एक शिवणकाम करणारी बाई आली. तिच्या आईच्या मामांचे जुने मृत्युपत्र तिने भाषांतराला दिले होते. घर भाचीला, पण भाची 'विदाउट इश्यू' वारली तर घर पुतण्यांना, असे त्यात आहे.

सूनबाईंनी माझ्याखालचा कागद ओढून वाचला, "भाची काही वाद न होता वारली, तर घर पुतण्यांना."

बाईचा चेहरा उतरला. "आई तर झोपेतच गेली हो. कुणाशी वाद नाही, तंटा नाही. म्हणजे घर त्यांचंच?"

"कागद तरी तसंच म्हणतोय, ताई."

नाही हो! जुन्या कागदांत 'इश्यू' म्हणजे पोटचे मूल! आणि ते मूल तुमच्यासमोर उभे राहून पदराने डोळे पुसते आहे. अर्थ माझ्या पोटात आहे, आणि मला तोंड नाही. मेजावरून धाडकन पडावे म्हटले, तर तेही आपल्या हाती नाही.

"भांडून काय मिळवू? आत्ताच किल्ली देऊन टाकते त्यांना," असे म्हणून ती भाषांतर घेऊन निघाली.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांची धूळ झटका, असे एरवी मी म्हटले असते. आज एवढेच म्हणतो, कुणीतरी मला उघडा. 'आय' अक्षर काढा. लवकर! ती अजून जिन्यातच आहे.