डावा दिवा

टिंबोरोआच्या चढावर ट्रकवाल्यांची स्वतःची एक भाषा आहे. पुढच्या ट्रकने उजवा दिवा मिचकावला की समजायचं, समोरून गाडी येतेय, मागेच राहा. डावा मिचकावला की रस्ता मोकळा, घाल पुढे. ही भाषा कुठल्या पुस्तकात नाही, पण या भागात शेंबड्या पोरालाही येते. जेलिमोलाही येत होती. ती मानत नव्हती, एवढंच.

शाळेला नवी व्हॅन आली होती आणि तिच्यासाठी ड्रायव्हर हवा होता. जेलिमो त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं मक्याच्या पिठाची घट्ट उगाली ढवळत आलेली, आणि आता तिला ढवळणं पुरे झालं होतं. तिने एल्डोरेट शहरात जाऊन ड्रायव्हिंगचा रीतसर क्लास केला. तिथे आधी टेबलावरच्या फळीवर रंगवलेल्या रस्त्यांतून खेळण्यातली गाडी सरकवावी लागते. प्रत्येक वळणाला मास्तर विचारणार, "काय पाहिलंस?" त्याचं उत्तर दिल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही. गावाला हे कळलं आणि तिचं नाव पडलं 'टेबल-ड्रायव्हर'. जेलिमोने हसून सोडून दिलं. तिला आपल्या हातांची खात्री होती.

अडचण एकच होती. ड्रायव्हर निवडणाऱ्या पालक कमिटीचे चेअरमन बारमासाई, आणि दुसरा उमेदवार किबोर, म्हणजे त्यांचा सख्खा भाचा. किबोर सकाळीच चाचणीची फेरी मारून आला होता, आणि तीही इकडे चहाला उकळी फुटायच्या आत.

मग जेलिमोची पाळी आली. शेजारी बारमासाई बसले. मागे कमिटीतली म्हातारी, कोगो ताबसाबेई, मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन स्वेटर विणत बसली. कोगो म्हणजे आजी. तिची तीन नातवंडं याच व्हॅनने जाणार होती.

चढाला लागल्यावर पुढे सिमेंटने भरलेला ट्रक आला, रडतखडत चाललेला. जेलिमोने अंतर राखून गाडी मागे ठेवली. वळण जवळ आलं आणि ट्रकचा डावा दिवा मिचकावला.

"जा! दिवा दिला त्याने," बारमासाई म्हणाले.

"मला पुढचं दिसत नाही, चेअरमन."

"त्याला दिसतंय ना! उंचावर बसलाय तो."

"त्याला दिसतंय, तर त्याने जावं की."

"अगं बाई, गाडी चालवतेस की ट्रकची वरात काढतेस?"

मागून प्रवाशांनी ठासून भरलेली एक मटाटू भोंगा वाजवत आली आणि व्हॅन-ट्रक दोघांनाही मागे टाकून सुसाट गेली. दाराला लोंबकळणारा कंडक्टर ओरडला, "मम्मा, उतरा आणि ढकला!"

वळणावरून काहीच आलं नाही.

बारमासाईंनी मांडीवर थाप मारली. "बघ! काय आलं? माशी तरी आली?"

"नाही आली," जेलिमो म्हणाली.

तिचे कान तापले होते. पाय ॲक्सिलरेटरवर शिवशिवत होता. ही नोकरी गेली, आता मरेपर्यंत तो डाव, ते पातेलं आणि तो धूर, असं तिला स्पष्ट दिसलं. पण काय पाहिलंस, याचं तिच्याकडे एकच खरं उत्तर होतं. काही नाही. ती मागेच राहिली.

माथ्यावर रस्ता सरळ झाला. तिने आरसा पाहिला, समोर लांबवर पाहिलं, दिवा दिला आणि ट्रकला ओलांडून पुन्हा आपल्या बाजूला आली. कोगोच्या मांडीवरचा गुंडा जागचा हललासुद्धा नाही.

शाळेच्या पटांगणात उतरल्या उतरल्या बारमासाईंनी निकाल लावून टाकला. "हिच्या भरवशावर पोरं संध्याकाळच्या प्रार्थनेला शाळेत पोचतील."

"किबोरला त्या ट्रकने दिवा दिला असता तर?" कोगोने सुया न थांबवता विचारलं.

"तो केव्हाच पुढे गेला असता!" बारमासाई छाती काढून म्हणाले.

"न बघता?"

बारमासाईंनी टोपी सारखी केली.

"तो ट्रकवाला तुझ्या ओळखीचा होता का रे?"

"मला काय ठाऊक, कोगो. असेल कुणीतरी."

"मग त्या कुणीतरीच्या हवाली माझी नातवंडं का करू? तू चेअरमन असून ओरडलास. मागून मटाटू ओरडली. ही हलली नाही. उद्या हिच्या मागे गाडीभर पोरं ओरडणार आहेत, 'जा, जा' म्हणून. तेव्हा कोण बसलेलं हवंय तिथे?"

बारमासाईंनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि किल्ली जेलिमोच्या हातावर आपटली. "घे, टेबल-ड्रायव्हर. पण भोंगा तरी वाजवत जा."

पोरं खरंच ओरडली. पहिल्याच आठवड्यात. जेलिमोने त्यांना आपल्या मास्तरांचा प्रश्न शिकवला. ट्रकने डावा दिवा दिला की ती विचारायची, "काय पाहिलंत?" आणि मागून गजर व्हायचा, "काही नाही!"

एकदा बारमासाईंच्या नातीची, चेरोबची, व्हॅन चुकली. कुगोंनी, म्हणजे आजोबांनी, तिला आपल्या पिकअपमध्ये घातलं. वाटेतली पोरं घेत येणारी जेलिमोची व्हॅन मागेच होती. त्याच चढावर, पुढच्या ट्रकचा डावा दिवा लागला आणि पिकअपचं तोंड उजवीकडे वळलं. जेलिमोचा हात भोंग्याकडे गेला. मग पिकअपचे ब्रेकचे लाल दिवे लागले, आणि ती सरळ होऊन ट्रकच्या मागे चालू लागली.

शाळेच्या फाटकात चेरोब उडी मारून उतरली. "मी कुगोंना विचारलं, काय पाहिलंत?"

"आणि कुगो काय म्हणाले?" जेलिमोने विचारलं.

बारमासाई खिडकीतून दुसरीकडे बघत होते. "काही नाही म्हणालो," ते पुटपुटले.

त्या दिवशीही वळणावरून काहीच आलं नव्हतं. घंटा होऊन गेली होती, पण पोरं सगळी पोचली होती.