तपासणीपुरता लावलेला नीलमोहर

पार्किंगमध्ये अकराव्या आणि बाराव्या गाडीच्या जागांच्या मधोमध एक चौकोनी आळं आहे. तिथे जो ताठ उभा आहे आणि ज्याच्या सावलीसाठी सकाळी साडेआठलाच दोन-तीन गाडीवाल्यांत गोड बोलून चढाओढ चालते, तो नीलमोहर म्हणजे मीच. आज मी खुशीत आहे, म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एरवी गप्प राहणं आम्हा झाडांना चांगलं जमतं.

मी रोपवाटिकेत वाढलो. तिथल्या मालकीणबाई रोपांशी पोटच्या पोरांसारखं बोलायच्या. "वाकडा काय उभा राहतोस? मान वर कर," असं दटावत त्यांनी मला काठीला बांधलं होतं. आधी लहान पिशवी, मग मोठी, मग जाड काळी पिशवी, अशा माझ्या बढत्या होत गेल्या. माणसाच्या डोक्याच्या वर गेलो, तेव्हा एका सकाळी ट्रक आला. माझ्यासारख्या चोवीस जणांना एका इमारतीच्या ठेकेदाराने विकत घेतलं होतं.

"जा बाबा," मालकीणबाई माझ्या खोडावर हात फिरवत म्हणाल्या, "आता जमिनीत पाय पसरून राहा."

मला कोण आनंद झाला! ट्रकमध्ये रस्ताभर मी फांद्या हलवत होतो. वारा होता हे खरं, पण थोडा मीही हलवत होतो.

नव्या इमारतीपाशी खड्डे तयार होते. माळीबुवांनी मला उचलून एका खड्ड्यात ठेवलं, भोवती माती लोटली, पाणी घातलं. पिशवी काही काढली नाही. मला वाटलं, विसरले असतील, उद्या काढतील. दुपारी कोणी साहेब आले, त्यांनी झाडं मोजली, कागदावर सही केली आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माळीबुवा आले खरे, पण हातात फावडं घेऊन. आम्हा चोवीसही जणांना उकरून पुन्हा ट्रकमध्ये चढवलं.

"अहो बुवा, कालच तर लावली होती की," ड्रायव्हर म्हणाला.

"तपासणीपुरती लावली होती," माळीबुवा खाली बघत म्हणाले. "पार्किंगमध्ये दर दोन गाड्यांमागे एक सावलीचं झाड असल्याशिवाय इमारतीला दाखला मिळत नाही. दाखला मिळाला. आता हीच झाडं पुढच्या इमारतीला."

"आणि इथे?"

"इथे फरशी. म्हणजे आणखी गाड्या मावतील."

असा मी दीड वर्षात तीन इमारतींचा रहिवासी झालो आणि एकाही ठिकाणी राहिलो नाही. बाहेरून मी वाढत होतो, म्हणून कोणाच्या काही लक्षात येत नव्हतं. आत मात्र माझी मुळं पिशवीच्या कडेला लागून वळत होती, फिरून फिरून एकमेकांभोवती आवळली जात होती. पाणी घातलं तरी तहान भागेना. उन्हाळ्यात तर पानांची टोकं करपायला लागली. माळीबुवांना ते दिसत होतं. मला उचलताना ते पुटपुटायचे, "माफ कर रे बाबा." पण उचलायचे. घरी खाणारी तोंडं होती, ठेकेदाराची नोकरी होती. मी त्यांना दोष देत नाही. तेव्हा मात्र देत होतो.

चौथी इमारत म्हणजे ही. खाली दुकानं, वर दवाखाना आणि कचेऱ्या. दुकान क्रमांक चार एका शिवणकाम करणाऱ्या ताईंनी घेतलं होतं. त्यांची शिलाई यंत्रं चार महिने घराच्या बोळात पडून होती. घरातल्या प्रत्येकाच्या गुडघ्याला त्यांचा प्रसाद मिळाला होता. दाखला आल्याशिवाय दुकान उघडता येत नव्हतं. म्हणून तपासणीच्या दिवशी ताई सकाळपासून पायरीवर येऊन बसल्या होत्या.

या वेळी तपासायला उद्यान खात्याच्या एक बाई आल्या. हातात नकाशा आणि मोजपट्टी. एकेका आळ्यापाशी थांबून त्यांनी उंची मोजली, खोडाचा घेर मोजला, आळ्याची लांबी-रुंदी मोजली. सगळं नियमात बसत होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग माझ्यापाशी वाकून करपलेलं पान हातात घेतलं.

"पिशवी काढूनच लावलंय ना?"

"काढली की मॅडम," ठेकेदार पटकन म्हणाला.

"तुम्हाला नाही, काकांना विचारतेय."

माळीबुवांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. पुन्हा पुसलं. ठेकेदार त्यांच्याकडे रोखून बघत होता. माझं सगळं आयुष्य त्या एका क्षणात अडकलं होतं आणि मला तर हुंकारसुद्धा देता येत नव्हता.

"नाही मॅडम," अखेर ते म्हणाले. "पिशवीतच आहेत सगळी. उद्या उपटून न्यायची आहेत. खाली मातीही नाही, विटा-दगडांचं डबर भरलंय."

बाईंनी पेनाचं टोपण लावून टाकलं.

"पिशव्या काढा, डबर काढा, चांगली माती भरा. सगळं माझ्यासमोर. आणि दीड महिन्याने मी परत येईन. झाडं जगलेली दिसली तर सही."

ठेकेदाराने बाईंसमोर मान डोलावली आणि त्यांची पाठ वळताच माळीबुवांना सांगितलं, "उद्यापासून येऊ नका."

ताई तर पायरीवरून उठून थेट माळीबुवांपुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, एक दिवस तोंड बंद ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? आज माझं दुकान उघडलं असतं!"

"उघडलं असतं, ताई," माळीबुवा म्हणाले. "तीन ठिकाणी तोंड बंदच ठेवलं. आता नाही जमलं."

ताई पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या. घरी मात्र गेल्या नाहीत.

माळीबुवांनी जाता जाता ते एक काम मात्र पूर्ण केलं. डबर उपसून माती भरल्यावर त्यांनी चाकूने माझी पिशवी उभी चिरली. आतलं बघून उद्यानवाल्या बाईसुद्धा "अगं बाई!" म्हणाल्या. मुळांची नुसती दोरी झाली होती. माळीबुवांनी गोल फिरलेली मुळं कात्रीने कापली, उरलेली बोटांनी हळूहळू मोकळी केली. दुखलं. खूप दुखलं. पण मग ओली, गार माती चारी बाजूंनी आली आणि माझं एक मूळ सरळ पुढे गेलं. पुढे भिंत नव्हती! आणखी थोडं गेलं, तरीही नव्हती. तो सुटल्याचा आनंद कसा सांगू? दिवसभर घट्ट बूट घालून घरी आल्यावर तुम्ही ते काढता ना, त्याच्या हजारपट म्हणा.

गंमत अशी, की आता जगायची सोय झाली आणि माझी सगळी पानं गळाली. मुळं कापल्यावर होतं तसं, पण बघणाऱ्याला ते कसं कळणार? आठ-दहा दिवसांत मी नुसती काटकी उरलो.

नोकरी गेलेले माळीबुवा तरीही सायकलवरून रोज सकाळी यायचे. पहिल्या दिवशी ताईंनी त्यांना लांबूनच पाहिलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "पाणी कुठवर घालायचं असतं?" तिसऱ्या दिवसापासून नळी ताईंच्या हातात होती. दोघं फारसं बोलत नसत. पण माझ्यापाशी आले की दोघंही जरा जास्त वेळ थांबत. बाकीची झाडं पालवायला लागली होती, मी नाही.

दीड महिन्यानंतर बाई परत आल्या. ठेकेदार आज फार नम्र होता. माझ्यापाशी आल्याबरोबर म्हणाला, "एवढं एक मेलंय मॅडम. आत्ता उपटतो, दुसरं आणून ठेवलंय." आणि त्याने माझ्या खोडाला हात घातलासुद्धा.

"थांबा!" ताई ओरडल्या. आपल्या आवाजाने त्या स्वतःच दचकल्या. दुसरं झाड लावलं तर त्यांना दाखला लगेच मिळणार होता, हे त्यांनाही ठाऊक होतं. "काका, तुम्ही बघा ना एकदा."

माळीबुवा माझ्यापुढे उकिडवे बसले. त्यांनी अंगठ्याच्या नखाने माझी साल जरा खरवडली. सगळे वाकले. सालीखाली हिरवी, ओली रेघ उमटली.

"जिवंत आहे," ते म्हणाले.

बाईंनी चष्मा वर करून नीट पाहिलं. "जिवंत आहे," त्यांनीही म्हटलं आणि तिथेच, माझ्या आळ्याच्या काठावर कागद टेकवून सही केली.

ताई मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. माळीबुवा दुसरीकडे तोंड करून उगाचच नळी गुंडाळत राहिले.

आठवड्याभरात दुकान उघडलं. पहिल्या महिन्यातच दुकानदारांची बैठक झाली आणि पार्किंगमधल्या झाडांच्या देखरेखीचं काम माळीबुवांना द्यायचं ठरलं. ठराव ताईंनीच मांडला.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. चोवीसपैकी आम्ही एकवीस जण आहोत. वसंतात मी अंगभर जांभळा होतो. मग टपावर फुलं पडतात म्हणून तक्रारी येतात. सर्वांत लांबलचक तक्रार करणारे दवाखान्यातले डॉक्टर आपली गाडी मात्र रोज माझ्याच खाली लावतात. माणसाचं मला अजून पुरतं कळलेलं नाही.

गेल्या महिन्यात माझ्या एका मुळाने फरशी उचलली. कोणी म्हणालं, मूळ तोडा. कोणी म्हणालं, आज फरशी, उद्या भिंत. मी धास्तावलो. तीन दिवस पान हलवलं नाही. मग बैठक झाली. माळीबुवांनी फरशीच्या चार लाद्या काढून आळं बाराव्या जागेत वाढवायचं सुचवलं. "मग तिथे गाडी मावायची नाही," असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी एकदा वर माझ्या फांद्यांकडे पाहिलं. मग डॉक्टरच म्हणाले, "जाऊ दे, स्कूटर मावेल."

आज सकाळी रंगारी आला होता. खाली बसून, ब्रश बुडवून त्याने बाराव्या जागेची पांढरी रेघ काढायला घेतली. सरळ सरळ येत तो माझ्या मुळापाशी थांबला, त्याने मान तिरपी करून माझ्याकडे पाहिलं आणि रेघ अलगद वळवून मुळाच्या बाजूने पुढे नेली.

रंग अजून ओला आहे. तेव्हा गाडी लावायला आलात तर जरा जपून या. सावली हवी तेवढी घ्या. फक्त गाडीचा धूर माझ्या खोडावर सोडू नका, एवढंच मागणं.